दुसरा आवाज ऐकू येत नाही हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्याकडे ‘सेकंड साउंड’ हा भौतिकशास्त्रातला ‘नवा शोध’ म्हणून छापून आलंय, त्याबद्दल लिहितोय. त्याचं ‘दुसरा आवाज’ असं भाषांतर वाचलं की वाटतं काहीतरी ऐकू येत असेल, तसं अजिबात नाहीये, ही तापमानाची लाट असते. एरवी चमचा एका टोकाला तापला की उष्णता हळूहळू पसरत जाते, पण हेलियम 2.17 केल्विनच्या (म्हणजे साधारण उणे 271 अंश सेल्सियसच्या) खाली गार केलं की ते सुपरफ्लुइड, म्हणजे अजिबात घर्षण न होता वाहणारा द्रव, होतं आणि मग त्यातली उष्णता चक्क लाटेसारखी पळते, सेकंदाला साधारण 20 मीटरने, म्हणजे त्याच हेलियममधल्या साध्या ध्वनीच्या दहाव्या हिश्श्याइतक्या वेगाने. पेश्कोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने 1944 मध्येच ती मोजली होती, त्यामुळे हा ‘नवा शोध’ वगैरे नाहीये. 2024 मध्ये एमआयटीच्या लोकांनी लिथियमच्या अतिथंड वायूत ती लाट थेट टिपली, नवं ते एवढंच.

मला तर ग्राफाइटचं जास्त नवल वाटतं, पेन्सिलीत असतं तेच! तिथे सुपरफ्लुइड बिइड काही नाही, तरी 2019 मध्ये 100 केल्विनच्या वर अशी लाट दिसली, कारण फोनॉन (अणूंच्या कंपनांचे, उष्णता वाहून नेणारे जणू ‘कण’च) एकमेकांवर आपटले तरी त्यांचा एकूण संवेग, म्हणजे पुढे जाण्याचा जोर, बराचसा टिकून राहतो आणि उष्णता नुसती पसरण्याऐवजी लाटेसारखी पुढे जाते. यावर कुणीतरी सविस्तर लिहा ना.

– एक वाचक