दूध सोडलेल्या मित्रास पत्र

फोंडा, गोवा
दि. ८ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. डॉक्टरांनी दूध, दही, ताक, पनीर सारे बंद करायला सांगितले आणि घरात आता रोज काय शिजवायचे हा प्रश्न पडला आहे, असे तू लिहिलेस. ज्या शहरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात, त्या कोल्हापुरात हा प्रश्न किती कठीण होऊन बसला असेल, याची मला कल्पना आहे. आमच्या धाकट्या मुलीला दुधाची ॲलर्जी असल्याचे कळल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात दुधाचा थेंब येत नाही. त्या काळात जे हाती लागले ते सविस्तर लिहितो आहे. पत्र लांबेल, पण तुला आणि वहिनींना त्याचा उपयोग होईल, अशी आशा आहे.

सर्वांत आधी डॉक्टरांकडून एक गोष्ट स्पष्ट करून घे, कारण तुझ्या पत्रावरून ती मला पुरती उमगली नाही. तुला त्रास दुधातल्या साखरेचा आहे की प्रथिनांचा? दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. बालपण सरले की ते पुष्कळांच्या शरीरात कमी होत जाते, आणि जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसांची स्थिती थोडीफार अशीच असते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ही साखर सुमारे ५ ग्रॅम असते, दह्यात विरजणातल्या जिवाणूंनी तिचा काही भाग संपवलेला असतो आणि नीट कढवलेल्या तुपात ती जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे तुझा त्रास लॅक्टोजचा असेल, तर भातावर चमचाभर तूप तुला कदाचित चालेल. प्रथिनांची ॲलर्जी असेल, तर मात्र तूपही नको आणि बिस्किटातली दुधाची भुकटीही नको; तिथे ‘एवढ्याने काय होते’ असे कोणी म्हणाले, तर ऐकू नकोस. मी पुढे जे लिहितो आहे, ते तूपसुद्धा वगळून केलेल्या स्वयंपाकाचे आहे.

मला तुला मनापासून सांगायचे आहे ते हे की, दुधाच्या जागी दुसरे एकच काहीतरी आणून ठेवायचा प्रयत्न करू नकोस. बाजारात बदामाचे, ओट्सचे, सोयाबीनचे पेय खोक्यातून मिळते. ते आणून चहापासून खिरीपर्यंत सगळ्यात ओतले की पदार्थही बिघडतात आणि मनही खट्टू होते. त्याऐवजी प्रत्येक पदार्थात दूध कोणते काम करत होते, ते पाहावे. वरणभातावरचे तूप स्निग्धपणा आणि वास देते; कढीतले ताक आंबटपणा देते; जेवणानंतरचे ताक पोट शांत करते; खिरीतले दूध गोडाला अंग देते; आणि मुलांच्या पेल्यातले दूध कॅल्शियम आणि प्रथिने पुरवते. ही वेगवेगळी कामे आहेत आणि ती करणारे जिन्नसही वेगवेगळे आहेत. एवढे मनात पक्के झाल्यावर आमच्या घरची निम्मी अडचण दूर झाली.

आणि इथे गोव्याच्या स्वयंपाकाने आमचा हात धरला. आमच्याकडचा जुना घरगुती स्वयंपाक दुधावर फारसा उभाच नव्हता, तो माडावर उभा होता. आमचे वरण खोबरे आणि हळद वाटून लावलेले असते. त्याच्यावर तुपाऐवजी घाण्याचे खोबरेल तेल चमचाभर घातले की मुलगी मागून घेऊन भात जेवते. तुला हा वास सुरुवातीला परका वाटेल, म्हणून तेल ताजे असू दे आणि आधी अर्धाच चमचा घाल.

नारळाच्या रसाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुझी खरी भिस्त त्याच्यावरच राहणार आहे. नारळ आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, बारीक खवावा, खाली करवंटीचा काळा भाग येऊ देऊ नये. खवलेले खोबरे कोमट पाणी अगदी थोडे घालून वाटावे आणि पातळ फडक्यातून घट्ट पिळावे. हा दाट रस. तोच चोथा पुन्हा पाणी घालून वाटावा आणि पिळावा. हा पातळ रस. पदार्थ शिजतो तो पातळ रसात, आणि दाट रस शेवटी, आच मंद करून घालायचा असतो. रस घातल्यावर खळखळून उकळी आली तर तो फुटतो, तेल वेगळे होते आणि पदार्थाला चोथट चव येते. खोक्यातला रस अडीअडचणीला ठीक आहे, पण त्यात घट्टपणासाठी इतर पदार्थ मिसळलेले असतात आणि सोलकढीत ते लगेच जाणवते. रस काढला की तो त्याच दिवशी संपवावा. पावसाळ्याच्या या दमट हवेत तर दुपारचा रस संध्याकाळी आंबूस लागतो.

तुमच्या पांढऱ्या रश्श्याचे अंगही नारळाच्या दुधाचेच असते, हे मी तुला वेगळे सांगायला नको. वहिनींच्या हाताला हा रस सांभाळणे नवे नाही. फक्त तो रविवारच्या मटणातून रोजच्या भाजीत यायला हवा.

जेवणानंतरच्या ताकाची जागा आमच्याकडे सोलकढीने कधीच घेतलेली आहे. सोले, म्हणजे वाळवलेले कोकम, कोमट पाण्यात भिजवून चुरायचे, त्यात लसूण आणि हिरवी मिरची ठेचून घातलेला नारळाचा रस मिसळायचा, चवीला मीठ. नारळ नको असेल त्या दिवशी नुसत्या सोलांची फुटी कढी करतो, तिला वरून हिंग-मोहरीची फोडणी. कोशिंबिरीत दह्याऐवजी खवलेले खोबरे, चिंचेचा किंवा लिंबाचा आंबटपणा आणि मिरची घालून आम्ही करम करतो. काकडीचे करम तर मला दह्यातल्या कोशिंबिरीहून अधिक आवडते. नाचणीची आंबील तुम्ही ताक घालून करता, पण पीठ रात्री पाण्यात कालवून झाकून ठेवले तर सकाळपर्यंत ते आपसूक आंबते, मग ताकाची गरज राहत नाही.

तरीही दहीभात हवासा वाटतो, हे मला मान्य आहे. त्यासाठी आम्ही शेंगदाण्याचे दही लावतो, आणि ते सगळ्या पर्यायांत उत्तम उतरते असे माझे ठाम मत आहे. शेंगदाणे रात्रभर भिजवून साले काढावीत, ताज्या पाण्यात अगदी गुळगुळीत वाटून गाळावेत, आणि ते दूध सतत ढवळत चांगले उकळून घ्यावे, नाहीतर कच्चा उग्र वास राहतो. कोमट झाल्यावर त्यात दोन-चार हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून उबेला झाकून ठेवावे. देठांवर आंबवणारे जिवाणू असतात, ते विरजणाचे काम करतात. पहिले दही थोडे पातळ आणि किंचित उग्र लागते. त्यातलेच चमचाभर घेऊन दुसरे लावले की ते घट्ट आणि सौम्य होते. भातात कालवून वर कढीपत्ता आणि मोहरीची फोडणी दिली की मुलगी आनंदाने जेवते. कढी करायची तर बेसन थोडे जास्त लावावे, म्हणजे ती फुटत नाही. ज्याला शेंगदाण्याचीही ॲलर्जी असेल, त्याने अर्थात या वाटेला जाऊ नये.

चहाबद्दल तू कळकळीने लिहिले आहेस. माझे मत असे की, आधी गवती चहा, आले आणि गूळ घालून कोरा चहा पिऊन बघ आणि जिभेला थोडा अवधी दे. दुधाळ चहाच हवा असेल, तर काजूचे दूध सर्वांत बरे. अख्खे काजू महाग पडतात, म्हणून आम्ही बाजारातून तुकडा काजू आणतो, ते भिजवून भरपूर पाण्यात बारीक वाटतो. चहा कडक उकळून गाळून घ्यावा आणि काजूचे दूध गॅसवरून उतरल्यावर मिसळावे, कारण उकळले की काजूतला स्टार्च फुगून चहा लापशीसारखा दाट होतो. सोयाबीनचे दूध कडक आणि आले घातलेल्या चहात नासल्यासारखे फुटते. बाजारातल्या ओट्सच्या पेयात विकरे घालून स्टार्चची साखर केलेली असते, म्हणून ते वरून साखर न घालताही गोड लागते. तुझ्या घरी मधुमेहाचा वारसा आहे, तेव्हा हे ध्यानात असू दे.

सणांची काळजी करू नकोस. गणेशचतुर्थीला, म्हणजे आमच्या चवथीला, मणगणे होते: चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस, त्यात वेलची आणि काजू. दूध त्यात मुळातच नाही. पातोळ्या, दोदोल, मोठ्या काकडीचे धोणस, रसातल्या शिरवळ्या, यांतही नाही. नरकचतुर्दशीच्या सकाळी घरोघरी फोवांचे, म्हणजे पोह्यांचे, प्रकार होतात, त्यांतले दुधातले आणि ताकातले तेवढे आम्ही वगळतो आणि गूळ घातलेले रसातले फोव थोडे जास्त करतो. पुरणपोळी नारळाच्या गोड रसाबरोबर खाऊन बघ. देवळात पंचामृत मिळाले की आमची मुलगी ते बोटाला लावून कपाळाला लावते. आमच्या भटजींनीच तिला तसे सांगितले आहे आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि इथे कृपा करून हयगय करू नकोस. नारळाचा रस चवीला दुधाची जागा घेतो, पोषणाला घेत नाही. त्यात स्निग्धांश भरपूर, तोही बहुतांशी संपृक्त; प्रथिने थोडी आणि कॅल्शियम नगण्य. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. गाईच्या १०० ग्रॅम दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते, तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४. म्हणजे मूठभर पिठाचे, ३० ग्रॅमचे, तिजन (नाचणीची पेज) केले तर अर्ध्या पेल्याच्या जवळपास दुधाइतके कॅल्शियम पोटात जाते. नाचणी मोड आणून दळली तर ते शरीराला अधिक लागू पडते. सालीसकट तिळात १०० ग्रॅमला १००० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते, पण पांढरे सोललेले तीळ घेतलेस तर त्यातले बहुतेक सालीबरोबर निघून जाते. तुझ्याकडे भाकरीबरोबर तिळाची चटणी रोज होऊ शकते. शेवग्याचा पाला उत्तम. पालक आणि आमची आवडती तांबडी भाजी (लाल माठ) मात्र मी या हिशेबात धरत नाही, कारण त्यांतली ऑक्झलेट्स कॅल्शियमला बांधून ठेवतात. मांदेलीसारखी काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी मिळाली तर अवश्य खा. प्रथिनांसाठी डाळी, उसळी, अंडी, सोयाबीनचे पनीर आहेतच. ब जीवनसत्त्वातले बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. तू मासे-मटण खातोस म्हणून मला चिंता कमी आहे, पण वहिनी शाकाहारी आहेत आणि त्याही तुझ्याबरोबर दूध सोडणार असतील, तर त्यांची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करावी.

बाहेर खाताना दूध कुठे दडलेले असते, ते हळूहळू कळते. हिरवा ठिपका असला म्हणजे दूध नाही असे होत नाही. त्यासाठी २०२२ च्या नियमांनी आलेले वीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीही नसलेल्या अन्नाचे, चिन्ह वेगळे आहे. पाकिटावर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट हे शब्द शोध. २०२० च्या लेबलच्या नियमांप्रमाणे दुधाचा अंश ॲलर्जीच्या सूचनेत लिहावा लागतो, म्हणून ती ओळ आधी वाच. ‘नॉन-डेअरी’ असे लिहिलेल्या क्रीमरमध्येही केसिनेट असू शकते. आमच्या हॉटेलांतली पातळ भाजी आणि पदेराची (पाववाल्याची) पोई, म्हणजे गव्हाचा पाव, मुलीला चालते, पण पदेर बदलला की आम्ही पुन्हा विचारतो. केळ्याच्या बन्समध्ये (फुगलेल्या गोड पुऱ्यांत) मात्र दही असते. तुमच्या मिसळीत दूध नसते, फक्त वर दही घालू नका असे सांगायला विसरू नकोस.

काही गोष्टींना पर्याय नाही. श्रीखंड, बासुंदी, पेढा यांच्या नकला आम्ही करून बघितल्या आणि सोडून दिल्या. त्यापेक्षा त्या दिवशी दुसरे गोड करणे मला बरे वाटते.

चवथीला तुम्ही दोघे येणार असे मी गृहीत धरले आहे. स्वयंपाक सगळा दुधाविना असेल, तेव्हा पानावर बसून तुला काही विचारावे लागणार नाही. येताना तुमच्याकडचा गूळ दोन किलो घेऊन ये, मणगण्याला तोच वापरू. आणि सोले आमच्याकडे यंदा भरपूर वाळवली आहेत, ती तुझ्यासाठी बांधून ठेवतो. त्याआधी डॉक्टरांनी नेमके काय निदान केले, ते मात्र मला लगेच कळव, म्हणजे तुपाचे काय करायचे ते ठरवता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना वर्गमित्र