कोर्लई सहलीच्या सदोष आखणीबाबत तक्रार आणि अंशतः परताव्याची मागणी

ठाणे, दि. १० फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग (एकदिवसीय सहली)

विषय : दि. १ फेब्रुवारी २०२६ रोजीच्या ‘किल्ला, दीपगृह आणि निवांत किनारा’ या कोर्लई (जि. रायगड) सहलीतील सेवेच्या त्रुटीबाबत.

संदर्भ : १) चार आसनांचे आरक्षण, एकूण रु. ९,८००. २) आपल्या ग्राहक सेवा विभागाचा दि. ६ फेब्रुवारीचा ई-मेल.

महोदय,

सादर नमस्कार. वरील सहलीसाठी मी स्वतः, माझे पती, सून आणि नऊ वर्षांचा नातू अशा चौघांचे आरक्षण प्रत्येकी रु. २,४५० भरून केले होते. सहलीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आपल्याकडे तक्रार नोंदवली. तिला आलेल्या उत्तरात ‘पत्रकात नमूद केलेली तिन्ही स्थळे दाखवण्यात आली असून प्रस्थानानंतर कोणताही परतावा देय नाही’ एवढे एकच वाक्य होते आणि त्याखाली पुढच्या सहलीवर दहा टक्के सवलत देऊ केलेली होती. त्या उत्तराने माझे समाधान झालेले नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

प्रथम हे सांगते की कोर्लई मला परकी नाही. माझे माहेर चौलचे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, भूशिरावर आडवा पसरलेला तो डोंगर मी लहानपणापासून पाहत आले आहे. स्वतःची गाडी करून जाणेही आम्हाला शक्य होते. तरीही आपल्या सहलीचे पैसे भरले, कारण पतींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, सुनेला एकच दिवस सुटी होती, आणि कधी निघायचे, कुठे जेवायचे, किल्ला उन्हाआधी चढायचा की नंतर, दीपगृह कोणत्या वेळेत पाहायला मिळते, या सगळ्याचा विचार दुसऱ्या कोणीतरी जाणत्याने केलेला असावा, अशी माझी इच्छा होती. आपल्या पत्रकावर ‘तुम्ही फक्त या, आखणी आमची’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. माझी तक्रार नेमकी त्या आखणीबद्दल आहे.

पत्रकानुसार सकाळी सहाला ठाण्याहून निघून अकरा ते साडेबारा किनारा, त्यानंतर जेवण, अडीच ते साडेचार किल्ला, साडेचारला दीपगृह आणि पाचला परतीचा प्रवास असा क्रम होता. प्रत्यक्षात बस सहा पन्नासला सुटली. वडखळची कोंडी कोणाच्या हातात नसते, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. मात्र पेणला नाश्त्यासाठी ठरलेल्या वीस मिनिटांची पन्नास मिनिटे झाली आणि त्यानंतर पोयनाडच्या पुढे, पत्रकात कोठेही नसलेल्या एका दुकानापाशी, कोकम सरबत आणि पापड घेण्यासाठी बस आणखी पस्तीस मिनिटे उभी राहिली. आपल्या मार्गदर्शकाला त्या दुकानात खुर्ची मिळाली आणि चहाही मिळाला, यावरून तो थांबा कोणाच्या सोयीचा होता हे प्रवाशांच्या लक्षात आले. कोर्लईला पोहोचायला आम्हाला पावणेबारा वाजले.

पावणेबारा वाजता कोर्लईला किनारा नव्हता. हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. गावातून दीपगृहाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जी वाळू असते ती पूर्ण पाण्याखाली होती, लाटा रस्त्यालगतच्या दगडांवर आपटत होत्या आणि नातवाने घरून आणलेले प्लास्टिकचे फावडे व बादली हातात धरून आम्ही दगडी बांधावर ओळीने बसलो होतो. पाऊण तास तसेच बसून काढले. मार्गदर्शकाला विचारले असता ‘आज समुद्र जरा जास्तच आला आहे’ असे उत्तर मिळाले.

महोदय, समुद्र जास्त आला नव्हता. तो त्याच्या वेळेला आला होता. १ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा होती. आमच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले, आणि किनाऱ्यावरच्या घरांत त्या पाऊणकीचा एक रोजचा उपयोग होता : तिथीचा आकडा पाऊणपट केला की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ येते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोडे मागेपुढे धरले तरी पौर्णिमेला आणि अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या सुमारास पाणी भरलेले असते, आणि त्यातही ती उधाणाची भरती असल्यामुळे नेहमीपेक्षा अधिक वर चढते. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पाणी ओसरते, ते तितकेच दूरवर जाते. म्हणजे आपण निवडलेल्या दिवशी अकरा ते साडेबारा हीच वेळ किनाऱ्यासाठी सर्वांत वाईट होती आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा ही सर्वांत चांगली. हे समजण्यासाठी चौलला जन्म घ्यावा लागत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असते आणि भरती-ओहोटीची कोष्टके आता कोणालाही मोबाईलवर पाहता येतात.

अधिक आश्चर्य मला नंतर वाटले. आपले पत्रक पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की फेब्रुवारीतल्या प्रत्येक रविवारसाठी आपण हेच वेळापत्रक छापले आहे. ८ फेब्रुवारीला वद्य सप्तमी होती. सातची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी भरती आणि अकरा-साडेअकराला ओहोटी. त्या दिवशी गेलेल्या प्रवाशांना वाळू मिळाली असेल, परंतु ती निव्वळ योगायोगाने. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, आपले वेळापत्रक मात्र महिनाभर जागचे हलत नाही. याला आखणी म्हणता येईल असे मला वाटत नाही.

जेवणासाठी आम्हाला कोर्लईतून पुन्हा मागे, रेवदंड्याचा पूल ओलांडून नागावच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर नेण्यात आले. जेवण ठीक होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. येण्याजाण्यात आणि पंगतीची वाट पाहण्यात पावणेतीन तास गेले एवढेच नोंदवते. गावातच आधी सांगून ठेवले असते तर घरगुती जेवणाची सोय झाली असती आणि ते पैसे गावात राहिले असते.

परत आलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. बत्तीस आसनांची बस कोळीवाड्याच्या अरुंद रस्त्यावरून पुढे जाऊ शकत नव्हती, त्यामुळे दीपगृहापर्यंत भर उन्हात चालत जावे लागले. ही गोष्ट मी आरक्षण करताना दूरध्वनीवर स्पष्ट विचारली होती आणि ‘बस अगदी दीपगृहाच्या दारात जाते’ असे मला सांगण्यात आले होते. पतींनी निम्म्या वाटेवर एका घराच्या ओट्यावर बसकण मारली. त्या घरातील बाईंनी त्यांना पाणी दिले आणि ते संध्याकाळपर्यंत तेथेच बसून होते. त्यांचे रु. २,४५० त्या ओट्यावरच खर्ची पडले, असे ते आता गमतीने म्हणतात. मला त्यात गंमत वाटत नाही.

दीपगृहाच्या आवारातूनच किल्ल्यावर जाणाऱ्या पायऱ्या सुरू होतात. त्या वेळी दीपगृह पाहण्याची वेळ चालू होती आणि काही इतर पर्यटक वर जातानाही दिसत होते. सुनेने मार्गदर्शकाला सुचवले की आधी दीपगृह पाहून घ्यावे आणि ऊन उतरल्यावर किल्ला चढावा. ‘पत्रकात किल्ला आधी आहे’ या कारणाने त्याने नकार दिला. आम्ही किल्ला पाहून खाली आलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती, भेटीची वेळ संपली होती आणि दाराला कुलूप होते. तेथील कर्मचाऱ्यांचा यात काडीचाही दोष नाही. दीपगृह ही काही बाग नव्हे, रात्री जहाजांना वाट दाखवणारी ती सरकारी कामाची जागा आहे आणि त्यांनी त्यांचे नियम पाळले. एक कर्मचारी तर नातवाला म्हणाले, ‘बाळा, तासभर आधी आला असतास तर वर नेलं असतं.’ नातवाने आठवडाभर आधीपासून दीपगृहाची चित्रे काढली होती. तो जाळीच्या दाराच्या गजांना धरून आत दिसतील तेवढ्या पायऱ्या मोजत उभा राहिला. त्याला अकरा दिसल्या. आपल्या ६ तारखेच्या ई-मेलमध्ये दीपगृह ‘दाखवण्यात आले’ असे म्हटले आहे, ते या अकरा पायऱ्यांना उद्देशून असावे.

किल्ल्याविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ यासाठी आपण पैसे घेतले आहेत. मासळीच्या कण्यासारखा लांब आणि चिंचोळा असा तो किल्ला आहे, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कुंडलिकेची खाडी. आडव्या भिंतींनी त्याचे भाग पाडलेले आहेत, त्यामुळे एका दरवाजातून निघून दुसऱ्या दरवाजात शिरत जावे लागते. तोफा आहेत, पडके चर्च आहे, आणि दरवाजांवर पोर्तुगीज शिलालेख आहेत. अशाच एका शिलालेखाखाली उभे राहून आपल्या मार्गदर्शकाने ‘हा शिवाजी महाराजांनी बांधलेला जलदुर्ग’ असे सांगितले. महाराजांविषयी आम्हा सर्वांना आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या नावावर काहीही खपवले जाऊ नये असे मला वाटते. हा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. पुढे संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये चौलला वेढा घातला होता, परंतु चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले ते वसईच्या मोहिमेनंतर, १७४० च्या तहाने. ही माहिती कोठेही सहज मिळते.

खाली गावात दोन बायका आपसांत बोलत होत्या, तेव्हा ‘ही माणसे गोव्याहून आलेली आहेत’ असेही मार्गदर्शकाने सांगितले. त्या कोर्लईच्याच होत्या. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून तयार झालेली त्यांची बोली आज जेमतेम हजारभर माणसे बोलतात आणि ती याच गावात टिकून आहे. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. ज्या गोष्टीसाठी लांबून अभ्यासक येतात ती कानावर पडत असताना आपल्या पाहुण्यांना चुकीचे सांगितले गेले, हे मला दीपगृहाच्या कुलपाइतकेच लागले.

साडेपाचला बसकडे परत चालत असताना पाणी पार ओसरले होते. सकाळी जेथे लाटा दगडांवर आपटत होत्या तेथे आता लांबवर ओली, चकचकीत वाळू उघडी पडली होती, होड्या कलंडून बसल्या होत्या आणि गावातील मुले क्रिकेट खेळत होती. नातू म्हणाला, ‘आजी, आता जागा झाली बघ.’ त्याने बादली खाली ठेवली तोच मार्गदर्शकाने शिट्टी वाजवली. मी पंधरा मिनिटे मागितली. परतीला आधीच उशीर झाल्याचे कारण देऊन ती नाकारण्यात आली. सकाळच्या दुकानात मात्र पस्तीस मिनिटे निघाली होती.

आता माझी मागणी. याच बसमधून ‘फक्त प्रवास’ या पर्यायाचे आपण प्रत्येकी रु. १,१५० घेता. आम्ही नेले-आणले गेलो, ते पैसे मी मागत नाही. उरलेल्या रु. १,३०० मध्ये जेवण, मार्गदर्शक, प्रवेशशुल्क आणि आखणी येते. जेवणाचे रु. २५० मी वजा करते, कारण जेवलो हे खरे आहे. उरतात प्रत्येकी रु. १,०५०, चौघांचे रु. ४,२००. ही रक्कम हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, ज्या खात्यातून भरणा केला त्याच खात्यात परत करावी. पुढच्या सहलीवरील सवलत मला नको.

‘प्रस्थानानंतर परतावा नाही’ ही अट प्रवाशाने आपणहून बेत बदलल्यास समजण्यासारखी आहे. कबूल केलेली सेवाच न दिल्यास ती ढाल होऊ शकत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोहोंची व्याख्या दिलेली आहे, आणि दीपगृहाच्या दारात बस जाते असे सांगून आरक्षण घेणे या दुसऱ्या प्रकारात बसते असे माझे मत आहे. मुदतीत समाधान न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ठाणे येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय कायद्याने दिली आहे आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. तिकिटे, पत्रक, बांधावर बसलेल्या आमचे पावणेबाराचे आणि उघड्या वाळूचे साडेपाचचे छायाचित्र, तसेच आपला ई-मेल या सर्वांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

शेवटची विनंती माझ्या पैशांशी संबंधित नाही, पण तातडीची आहे. येत्या रविवारी, १५ तारखेला, महाशिवरात्र आहे आणि त्या दिवशीची सहल भरल्याचे आपल्या संकेतस्थळावर दिसते. त्या दिवशी वद्य त्रयोदशी संपून चतुर्दशी लागते; तेराची पाऊणपट पावणेदहा, चौदाची साडेदहा. अकरा वाजता पाणी नुकते कोठे उतरू लागलेले असेल. कृपया त्या दिवशी किल्ला सकाळी घ्यावा, दीपगृहाची वेळ आदल्या दिवशी विचारून त्यानुसार ते दुपारी पाहावे, आणि वाळूवर प्रवाशांना साडेतीन-चारनंतर न्यावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चालावे लागेल हे आजच कळवावे.

आपली,
आरक्षणकर्ती ग्राहक
(स्वाक्षरी)