अखेर 'संशयकल्लोळ'च

पुणे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर "नाटक ठरलं का गं?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मुलं समोर होती, नीट बोलता आलं नाही. ठरलं. 'संशयकल्लोळ'च.

मुलांच्या मनात 'ती फुलराणी' होतं. मलाही ते फार आवडतं, पण त्यात सगळा भार एकट्या मंजुळेवर पडतो. माझ्याकडे चौदा जण आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी यायला हवं. मग मी त्यांना तसबिरीचा घोळ वाचून दाखवला. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला मिळते, ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला पकडतो. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे मोबाईलमधल्या फोटोवरून अगदी असंच होतं!" तिथेच नाटक ठरलं.

मूळ गोष्ट फ्रेंच नाटककार मोलिएरची, १६६० सालची, इंग्रजीमार्गे आपल्या नाटककार गोविंद बल्लाळ देवलांकडे आली, हे त्यांना खरंच वाटेना. इतकी ती माणसं आपली झाली आहेत. देवल सांगलीजवळच्या आपल्या हरिपूरचे, हेही मी अभिमानाने सांगितलं.

एका मुलीने मात्र मला अडवलं. रेवती नायकिणीची मुलगी, म्हणून अश्विनशेठचा विश्वास इतक्या लवकर उडतो का? मी तिलाच रेवती दिली. रेवतीच्या रागावर हशा मागायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. हसायचं ते फाल्गुनराव-कृत्तिकेला. संशयात दोघंही एकमेकांना हार जात नाहीत. मला तर या नाटकातली खरी प्रेमकथा त्या दोघांचीच वाटते. जीव नसता तर इतकं जळलं कोण असतं?

काळजी पदांची आहे. दीड तासात सगळी बसणार नाहीत. देवलांनी हे आधी गद्यच लिहिलं होतं, १९१६ मध्ये ते पदांसह रंगभूमीवर आलं, त्यामुळे पदं कमी केली तरी गोष्ट उभी राहते. पण 'हृदयी धरा' गाळायला माझा हात धजत नाही. आई, तू भाकऱ्या थापताना ते म्हणायचीस.

बाबा, एक काम आहे. अश्विनशेठ करणारा मुलगा 'कर हा करी'मधल्या ताना छान घेतो, पण शब्द गिळतो. तुम्ही पेटीवर ते सावकाश म्हणून फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल? ताना नकोत, नुसते शब्द सुरात. दम लागला तर थांबा, तुकड्यातुकड्यांत चालेल.

आणि आई, तुझी डाळिंबी नऊवारी कृत्तिकेसाठी हवी आहे. जपून वापरू. प्रयोग भरत नाट्य मंदिरात आहे. एसटीने निघू नका, आदल्या दिवशी मी गाडी घेऊन न्यायला येते. नऊवारी तेव्हाच काढून ठेव, नेसवायला मात्र तूच हवीस.

तुमची,
धाकटी