नोकरी सोडली आहे, काळजी करू नका

नौपाडा, ठाणे

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की आई रडायला लागेल आणि बाबा गप्प होतील, म्हणून लिहितेय. मी नोकरी सोडली. राजीनामा मंजूर झाला, हिशेबही मिळाला. आता गाण्याशी संबंधित डिझाइन एवढंच काम करणार आहे. अल्बमची कव्हरं, मैफलींची पोस्टर्स, महोत्सवांच्या पत्रिका. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात तर तुमचा शब्द मोडून करावं लागलं असतं. ते मला नको होतं.

बाबा, तुमच्या डोळ्यांपुढे अण्णाकाकांचं दुकान येणार. माझं तसं नाही हो. कर्ज नाही, कुणाची भागीदारी नाही, माल पडून राहायचा प्रश्न नाही. आरोग्य विमा नोकरीत असतानाच स्वतःच्या नावावर काढला. जुन्या ऑफिसचं पॅकेजिंगचं थोडं काम घरून करते, त्यात भाडं सुटतं. तुम्हाला पाठवते ते पैसे नेहमीसारखेच येतील, आणि त्यावर वाद घालायचा नाही.

आई, जेवणाचं अगदी व्यवस्थित आहे. खालच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणते, भाजी-आमटी घरी करते. पूर्वी लोकलमधून लोंबकळत यायचे, आल्यावर जेवायची शुद्ध नसायची. आता दुपारी गरम वरणभात जेवते. तू दिलेलं मेतकूट संपत आलंय. खोलीत ऊन येतं, टेबल खिडकीशी आहे, पाठीला आधार देणारी चांगली खुर्ची घेतली आहे. संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारते.

पण हे सगळं कशासाठी, असं तुम्ही विचारणारच.

बाबा, रविवारी सकाळी तुम्ही तबकडी लावायचात आणि कव्हर माझ्या हातात द्यायचात. बारा इंची तबकडीचं ते कव्हर मांडीवर मावायचं नाही. पुढचं चित्र बघून झालं की तुम्ही म्हणायचात, “मागे साथीला कोण आहे ते वाच.” मी तबला वाचायचे, पेटी वाचायचे आणि थांबायचे. मग तुम्ही, “तंबोऱ्यावर कोण?” तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या माणसाला तंबोरा वगळलेला कसा चालेल! मला वाचायला त्या कव्हरांनीच शिकवलं, शाळेत मग फक्त धडे झाले.

हल्ली गाणी मोबाइलवर ऐकतात. त्यासाठी कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेलचं करून द्यायचं, आणि ऐकणाऱ्याला ते दिसतं नखाएवढं. मागची बाजूच उरली नाही, त्यामुळे साथीदारांची नावं कित्येकदा शोधूनही सापडत नाहीत. मी काम घेतानाच गायकांना सांगते, सोबत एक वेगळं पान करू, आणि त्यावर तबला, पेटी, तंबोरा सगळ्यांची नावं वाचता येतील एवढ्या अक्षरांत येतील. त्याचे जास्तीचे पैसे घेत नाही.

परवा एका तरुण गायिकेच्या मारवा रागाचं कव्हर केलं. मारव्यात पंचम, म्हणजे प, नाही हे तुम्हीच शिकवलंत, आणि षड्ज, म्हणजे सा, तोसुद्धा किती वेळ टाळतात, कान नुसता वाट बघत राहतो. मी ‘मारवा’ देवनागरीत मोठं लिहिलं आणि ‘मा’ आणि ‘र’वरची शिरोरेषा काढून टाकली. फक्त शेवटच्या ‘वा’वर ठेवली. अक्षरांची शिरोरेषा ही मला तंबोऱ्यासारखी वाटते, सगळे तिलाच धरून असतात. रंग मावळतीचा घेतला, पण भगवा नाही, विझत आलेला विटकरी. बाईंनी बघितलं आणि न विचारता म्हणाल्या, “सा शेवटी आला.” त्या दिवशी मला राहवेना, तुम्हाला फोन करणार होते.

हे काम हलकं नाही बाबा. 1940 पर्यंत अमेरिकेत तबकड्यांचे संच बहुतेक साध्या, एकरंगी पुठ्ठ्यात विकले जात. कोलंबिया कंपनीत नोकरीला असलेल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या विशीतल्या मुलाने हट्ट धरला की वर चित्र हवं, आणि तिथून ही सगळी कला सुरू झाली. ब्लू नोट या जॅझच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी रीड माइल्सने जवळजवळ 500 कव्हरं केली, पुष्कळदा नुसती अक्षरं आणि एक छायाचित्र. आपल्याकडे कमल शेडगे यांनी लिहिलेली नाटकांची नावं तुम्ही पेपरात मला बोट ठेवून दाखवायचात. नावातच नाटकाचा स्वभाव उतरायचा. मला त्या वाटेने जायचंय.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही मला कात्रण पाठवलंत, वर लाल पेनाने ‘आपलं’ लिहून. गाण्याच्या भोवतीचं काम करणाऱ्यांचा तुम्हाला केवढा अभिमान! मग माझ्याबद्दल थोडी कमी काळजी करा, एवढंच मागते.

आता माझं ऐका. बाबा, माळ्यावरच्या तबकड्या काढायला स्टुलावर चढायचं नाही. शेजारच्या मुलाला सांगा, तो काढून देईल. खाली आल्यावर आडव्या रचू नका, वाकतात. कपाटात उभ्याच लावा. मोतीबिंदूचं तुम्ही गेल्या दिवाळीपासून पुढे ढकलताय, ते आता बास. मिरजेत डॉक्टरांची वाण नाही, आणि मी आता स्वतःची मालक आहे, हवे तितके दिवस येऊन राहीन. थेंब घालायला मीच असेन. आई, तू खाली बसून भाजी निवडणं बंद कर. बीपीची गोळी सकाळचीच आहे, पूजा झाल्यावरची नाही. साखर उपाशीपोटी तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो पाठव, ‘बरं आहे’ एवढंच लिहू नकोस.

डोळा बरा झाला की दोघं इकडे या. पं. राम मराठ्यांच्या नावाने इथली महापालिका संगीत महोत्सव भरवते, तो बाबांना ऐकवायचाच आहे. लिफ्ट आहे, कमोड आहे, आईला पलंग खिडकीकडचा.

बाबा रागावले असतील तर रागवू देत, पण जेवायला लाव त्यांना वेळेवर. शस्त्रक्रियेची तारीख घेतली की लगेच फोन कर, मला तिकीट काढायचंय.

तुमची,
मनू