मराठी अक्षरं इंग्रजी बटणांत का शोधायची?

संपादक महोदय,

टपाल खात्यातून निवृत्त झालो तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी वाई तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मोठ्या माणसांना संगणक शिकवतो. दोन जुने संगणक, अकरा विद्यार्थी. त्यांतल्या नऊ बायका, बहुतेक बचत गटातल्या. सगळ्यात मोठ्या आजी एकाहत्तर वर्षांच्या. (२०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात वयाची अट १४ ते ६० होती. म्हणजे आजी त्यातही बसल्या नसत्या.)

माऊसची भीती दोन शनिवारांत जाते. टेबलाची कड आली की हात थांबतो, "भाऊ, जागा संपली की!" मग उचलून परत मध्ये ठेवायचा. एवढंच.

खरं अडतं ते लिहिताना. गटाच्या एका काकूंना पुड्यांवर चिकटवायला 'नाचणीचे पापड' असं छापून हवं होतं. प्रशिक्षण वर्गांत सर्रास शिकवतात तसं मीही सांगितलं, इंग्रजीत लिहा, आपोआप मराठी होतं. काकू सातवी शिकलेल्या. त्यांनी विचारलं, "न ला एन, मग ण ला काय?" मला पटकन सांगता येईना. मराठी वाचता-लिहिता येणाऱ्या बाईला मराठीसाठीच इंग्रजी स्पेलिंग पाठ करायला लावतोय, हे तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या शनिवारी इनस्क्रिप्ट सुरू केलं, म्हणजे बटण दाबलं की थेट मराठी अक्षर उमटेल अशी कळफलकाची मांडणी. ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आहे, विंडोजमध्येही असतेच, फक्त सुरू करावी लागते. काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क च्या बटणावर शिफ्ट धरली की ख, त च्या बटणावर थ. बाराखडी येणाऱ्याला ही रीत लगेच पटते. एक गोची मात्र होते. हाताने लिहिताना पहिली वेलांटी आधी काढायची सवय, इथे अक्षर आधी आणि वेलांटी मागून. उलटं केलं की पडद्यावर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ येतं. आजी त्याला 'भोपळा' म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात त्यांचे भोपळे थांबले. काकूंचं लेबल त्याआधीच छापून झालं होतं.

माझी मागणी छोटी आहे. अनुदानित वाचनालयांतल्या आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गांतल्या संगणकांवर इनस्क्रिप्ट सुरू करून द्यावं, बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावावेत आणि शिकवणाऱ्यांना ते आधी शिकवावं.

आमच्याकडे स्टिकर लावायला कार्यकारिणीचा विरोध होता, पोरांना इंग्रजी अक्षरं दिसणार नाहीत म्हणून. मग मी पदरचे पैसे घालून पारदर्शक स्टिकर आणले. खालचं इंग्रजी अक्षर दिसतं. दिवाळीपासून लावलेत, अजून एकाही पोराची तक्रार नाही.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, ता. वाई, जि. सातारा