ताई, आता बदल विषय!

ताई, तोंडावर थँक्यू म्हटलं की तू "चहा घे आधी" म्हणून विषय बदलतेस, म्हणून यावेळी सगळ्यांसमोरच लिहितोय.

तर जपानी चित्रकार होकुसाईची ती लाट, साधारण १८३१ ची, मोबाईल कव्हरपासून टीशर्टपर्यंत सगळीकडे दिसते ना तीच, तिचं कोलाज करायचं, समुद्राच्या जागी आपली गोदावरी आणि फुजी डोंगराच्या जागी दुतोंड्या मारुती (नाशिकच्या नदीपात्रातली ती मूर्ती, जिच्यावरून आपण पूर मोजतो), ही आयडिया माझी (हे क्रेडिट मी सोडणार नाही). पण मी मारुती मधोमध हा एवढा मोठा ठेवला होता, शेंदरी, झकास. तू बोलली काहीच नाहीस, मोबाईलवर मूळ चित्र उघडून समोर धरलंस फक्त. त्यात फुजी केवढुसा, लाटेच्या पोटाखाली, पटकन दिसतही नाही. मग म्हणालीस, "पुरात दुतोंड्या मोठा दिसतो का रे कधी? कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, असंच बघतो ना आपण." २०१९ ला पाणी सराफ बाजारात शिरलं तेव्हा तू तिथे होतीस आणि मी गंगापूर रोडला घरात बसून व्हिडिओ फॉरवर्ड करत होतो, तो फरक असा बाहेर येतो. मारुती अंगठ्याएवढा केला आणि लाट एकदम अंगावरच आली राव.

आणि ती कात्री! हातातून काढूनच घेतलीस. फेस कापायचा नाही म्हणे, फाडायचा. छापील कागद स्वतःकडे ओढत फाडला की कडेला आतला पांढरा कागद उघडा पडतो, दुसऱ्या बाजूने ओढला की नाही, एवढी साधी गोष्ट मला चाळिशीत कळली. लाटेची ती नखांसारखी टोकं सगळी त्या कडेवरच निघाली, पांढरा कागद वेगळा लावलाच नाही आपण. निळा रंग क्लासेसच्या पॅम्प्लेटांचा, आणि त्यातल्याच टॉपरांची पासपोर्ट साईझ डोकी तीन होड्यांमधल्या माणसांना, म्हणजे होड्यांच्या जागी लावलेल्या आपल्या हातगाड्यांवरच्या. ९८ टक्केवाला पण पुरात, बिचारा.

माझ्या पाणी घातलेल्या फेविकॉलने पहिलं कोलाज फुगे येऊन वाया गेलं, दोन रविवार गेले, तू एकदाही ऐकवलं नाहीस. काकूंनी मोरचूद घालून खळ शिजवून दिली, कसर लागू नये म्हणून, आणि तू पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही कागद चिकटवायला लावलास, त्यामुळे तो अजून वाकलेला नाही. काकूंनाही थँक्यू. त्यांचं पातेलं माझ्याकडेच आहे, मोरचुदामुळे ते आता स्वयंपाकाला चालायचं नाहीच.

पुढची रवि वर्मांची शकुंतला, ठरलंय ना? काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणारी. आपली सीबीएस बसस्टँडला उभी राहून चप्पल तुटल्याचं नाटक करतेय. झाडांना हिरवा कागद कमी पडतोय, घरातल्या जुन्या लग्नपत्रिका रद्दीत टाकू नकोस. रविवारी येतो, पातेलं घेऊन.