सूचना : नवीन अ‍ॅप किंवा ऑनलाइन फॉर्म सुरू करण्यापूर्वी

सर्व विभागप्रमुख व शाखा व्यवस्थापक,

दिवाळीच्या ऑफर तोंडावर आल्या आहेत. या दिवसांत प्रत्येक टीमला सगळं कालच हवं असतं आणि ते रास्तच आहे. आयटीच्या मंजुरीसाठी तीन आठवडे थांबलं, तर सणच निघून जातो. म्हणून ठरलं आहे : ग्राहकांची माहिती नसलेलं काम, म्हणजे अंतर्गत वेळापत्रक, पोस्टरचं डिझाइन वगैरे, परवानगीशिवाय सुरू करा. फक्त सामायिक यादीत नोंद ठेवा.

ग्राहकाचं नाव, मोबाइल किंवा आधारचा फोटो घ्यायचा असेल तर मात्र आधी आयटीला कळवा. अर्ज एका पानाचाच आहे. आयटी दोन कामाच्या दिवसांत उत्तर देईल. नकार असेल तर पर्यायही सुचवेल. ही जबाबदारी त्यांची आहे, पाठपुरावा तुमच्यावर नाही.

वैयक्तिक जीमेलवरून गूगल फॉर्म कृपया बनवू नका. बनवणारा माणूस नोकरी सोडून गेला की फॉर्म आणि त्यातली सगळी माहिती त्याच्याच खात्यात राहते. फॉर्मची उत्तरं जमा होणाऱ्या शीटला ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी परवानगी दिलेली असेल, तर फॉरवर्ड झालेल्या लिंकवरून ती कोणीही उघडू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत हलगर्जी झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आधीपासून चालू असलेले असे फॉर्म शुक्रवारपर्यंत कळवा. कोणालाही जाब विचारला जाणार नाही, फॉर्म फक्त कंपनीच्या खात्यावर हलवायचे आहेत.

– आयटी व व्यवसाय समन्वय गट